कुणाचा आणि कशातला



ही व्याख्यानमाला इंग्रजीच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. मराठी माध्यमाच्या मुलांना त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. म्हणून आजचा विषयही मी वर्गातलाच घेतला आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत. कॉम्पिटिटर, कंटेस्टंट, रायव्हल, अपोनंट, ॲडव्हर्सरी, कंटेंडर, चॅलेंजर, कॅन्डिडेट, एन्ट्रंट. आपले इंग्रजी-मराठी कोश उघडले की यांतल्या बहुतेकांपुढे फिरून तेच दोन-तीन मराठी शब्द भेटतात. प्रतिस्पर्धी, स्पर्धक, विरोधक. मग आपला मुलगा इंग्रजी लिहायला बसतो तेव्हा उलट्या दिशेने येतो. मनात ‘प्रतिस्पर्धी’ असतो, समोर नऊ इंग्रजी शब्द असतात, आणि तो त्यातला कानाला बरा वाटणारा एक उचलतो. शंभर मीटर धावणाऱ्या मुलीच्या शेजारच्या मार्गिकेतल्या मुलीला तो ‘अपोनंट’ म्हणतो. नोकरीच्या अर्जात इतर अर्जदारांना ‘रायव्हल’ म्हणतो. वाक्याचं व्याकरण शुद्ध असतं, म्हणून लाल शाई लागत नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे खटकतं आणि मुलाला ते का खटकलं हे कुणी सांगत नाही.

पीटर मार्क रॉजे नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1852 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला समानार्थी शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. जवळच्या अर्थाचे शब्द त्यांनी शेजारी शेजारी बसवले. थोर काम आहे ते. पण शेजाऱ्यांमधला फरक त्या कोशात सांगितलेला नाही. तो तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं धरून चाललेलं आहे. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. आपल्याला त्या फरकाकडेच जायचं आहे.

हे शब्द तीव्रतेच्या शिडीवर मांडायची एक पद्धत आहे. कॉम्पिटिटर म्हणजे सौम्य, रायव्हल म्हणजे जरा कडक, ॲडव्हर्सरी म्हणजे आणखी कडक, आणि शेवटी एनिमी. शिकवायला ही शिडी सोपी आहे, पण माझ्या मते तीच आपल्याला चुकवते. हे शब्द वैर किती आहे ते मोजत नाहीत. त्या दोन माणसांच्या मध्ये काय आहे, ते सांगतात. मध्ये पाट आहे का, मध्ये पंच आहे का, मध्ये जाळी आहे का, की मध्ये काहीच नाही आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत.

याची एक कसोटी व्याकरणातच सापडते आणि ती मराठी माणसाला हातच्या मळासारखी आहे. शब्दापुढे दोन प्रश्न ठेवून पाहा. ‘कुणाचा?’ आणि ‘कशातला?’ रायव्हल म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कुणाचा? अपोनंट कुणाचा? ॲडव्हर्सरी कुणाचा? हे शब्द एकट्याने उभे राहत नाहीत, दुसरा माणूस सोबत घेऊनच येतात. याउलट कंटेस्टंट म्हटलं की प्रश्न येतो, कशातला? एन्ट्रंट कशातला? कॅन्डिडेट कशासाठीचा? इथे दुसरा माणूस लागत नाही, एक स्पर्धा किंवा एक जागा लागते. ‘माझा कंटेस्टंट’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही, कारण कंटेस्टंट कुणाचा नसतो, तो कार्यक्रमाचा असतो.

मराठीत हीच विभागणी आहे, आणि ती आपण नकळत अचूक पाळतो. स्पर्धक कशातला असतो, प्रतिस्पर्धी कुणाचा तरी असतो. ‘या वर्षी स्पर्धेत चाळीस स्पर्धक आहेत’ असं आपण म्हणतो. तिथे ‘चाळीस प्रतिस्पर्धी आहेत’ म्हटलं तर ऐकणारा विचारतो, कुणाचे हो? ‘प्रति’ या उपसर्गाने शब्दाचं तोंड दुसऱ्या माणसाकडे वळवलं आहे. म्हणजे इंग्रजी शब्द निवडताना पहिली पायरी आपल्याच घरात आहे. आधी मराठीत वाक्य म्हणून पाहा. तिथे ‘स्पर्धक’ बसत असेल तर इंग्रजीत कंटेस्टंट, एन्ट्रंट, कॅन्डिडेट या बाजूला जा. ‘प्रतिस्पर्धी’ बसत असेल तर दुसऱ्या बाजूला जा. दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारा इंग्रजीत एकच शब्द आहे, कॉम्पिटिटर. तो कुणाचाही असू शकतो आणि कशातलाही असू शकतो. म्हणून शंका आली की तो वापरावा. तो क्वचितच चुकतो. पण जिथे नेमका शब्द उपलब्ध आहे तिथे तो फिका पडतो.

आता एकेका शब्दाकडे जाऊ. अपोनंटपासून सुरुवात करतो, कारण त्याचा अर्थ सगळ्यांत स्वच्छ आहे. लॅटिनमधलं मूळ क्रियापद म्हणजे समोर ठेवणं, विरुद्ध मांडणं. अपोनंट हा समोरचा माणूस आहे. बुद्धिबळाच्या पटापलीकडे बसलेला, जाळीच्या पलीकडे उभा असलेला, आखाड्यात हात मिळवणारा. त्याची प्रत्येक चाल तुमच्या चालीवर अडते. म्हणून जिथे समोरासमोर गाठ नाही तिथे हा शब्द चालत नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लांब उडीत जेसी ओवेन्सने 8.06 मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं आणि जर्मनीच्या लुझ लाँगला 7.87 मीटरवर रौप्य मिळालं. लाँगने हिटलरच्या देखत ओवेन्सचं अभिनंदन केलं. हे दोघे एकमेकांचे कॉम्पिटिटर होते. त्यांना अपोनंट म्हणता येणार नाही, कारण लाँगची उडी ओवेन्सला अडवत नव्हती. प्रत्येकाने आपापली उडी मारायची, आणि मोजपट्टी दोघांना एकच. धावणं, पोहणं, भालाफेक, वेटलिफ्टिंग इथे अपोनंट नसतो. कुस्ती, कबड्डी, टेनिस, बुद्धिबळ इथे असतो. क्रीडाबातम्या लिहिणाऱ्या तरुणांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतील.

दुसरं असं की अपोनंटमध्ये वैर नाही. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि समोर बसलेली खेळाडू तिच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली. पटावर त्या एकमेकींच्या अपोनंट होत्या, आणि त्या दोघींना वैरी म्हणण्याचं धाडस कुणी करणार नाही. स्वीडनमध्ये तर पीएचडीच्या जाहीर परीक्षेत प्रबंधावर प्रश्न विचारायला जे बाहेरचे प्राध्यापक येतात, त्यांना ‘अपोनंट’ हेच अधिकृत पद आहे. मध्ययुगीन विद्यापीठांतल्या वादसभांतून ते आलं. विद्यार्थ्याचं म्हणणं पारखून घेण्यासाठी मुद्दाम समोर बसवलेला माणूस. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या परंपरेला हे अगदी जवळचं आहे.

कुस्तीत आपण यासाठी किती सुंदर शब्द वापरतो पाहा. जोड. ‘त्याची जोड कुणाशी लागली?’ असं विचारतात. खासबाग मैदानात बसलेला माणूस समोरच्या मल्लाला पहिल्या मल्लाची जोड म्हणतो, आणि कुस्ती तोडीस तोड झाली तर दोघांचंही कौतुक करतो. ज्याच्याशी लढायचं तो आपल्या जोडीचा असला पाहिजे, हे त्या एका शब्दात बसवलेलं आहे. अपोनंटचं मराठी करताना कुस्तीच्या बातमीत ‘जोड’ हा शब्द हक्काने वापरावा, ‘प्रतिस्पर्धी मल्ल’ असं लांबण लावू नये.

याला एक पुस्ती जोडायला हवी. अपोनंट माणसाचाच असतो असं नाही, तो एखाद्या योजनेचा, कायद्याचा, धरणाचाही असतो. तिथे मराठीत ‘विरोधक’ हाच शब्द. धरणाचा विरोधक असतो, धरणाचा प्रतिस्पर्धी नसतो. इंग्रजीतही धरणाचा अपोनंट असतो, धरणाचा रायव्हल नसतो.

आता रायव्हल. या शब्दाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

लॅटिनमध्ये रिवुस म्हणजे ओढा, पाट. रिवालिस म्हणजे त्याच पाटाचं पाणी घेणारा दुसरा माणूस. हे कवींनी रचलेलं रूपक नाही, ती शेतीतली आणि कायद्यातली संज्ञा आहे. रोमन कायदेपंडित उल्पियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याच्या हक्काविषयी लिहिताना हा शब्द त्याच अर्थाने वापरतो, एकाच पाटातून पाणी नेणारे लोक, आणि सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात जो कायद्याचा संग्रह करवला त्यात ते लिखाण टिकून राहिलं. पाण्यावरून त्यांच्यात वाद होत, म्हणून तो शब्द वादाकडे वळला. पण मूळ नातं वाटेकऱ्याचं. इंग्रजीतही सुरुवातीला ही आठवण शिल्लक होती. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये अगदी आरंभी पहारेकरी बोलतात, तेव्हा आपल्यासोबत पहाऱ्याला येणाऱ्या जोडीदारांना त्यातला एक रायव्हल म्हणतो. तिथे अर्थ सोबती असा आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पाटावरच्या शेतकऱ्याला हा इतिहास समजावून सांगावा लागणार नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळायची. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने जास्त पाणी घेतलं तर खालच्याचं पीक वाळतं, हे त्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, म्हणूनच तर त्यांनी पाटकरी नेमला. भांडण होणार हे धरून केलेली व्यवस्था आहे ती. हे शेतकरी रोमन अर्थाने एकमेकांचे रिवालिस. त्यांच्यात तंटा होऊ शकतो तो ते परके आहेत म्हणून नव्हे, एकाच पाण्यावर जगतात म्हणून.

संस्कृतनेही हेच पाहिलं होतं, फक्त घराच्या आत. सपत्न म्हणजे प्रतिस्पर्धी, शत्रू. आणि हा शब्द सपत्नी, म्हणजे सवत, यावरून मागे जाऊन तयार झालेला आहे. आधी सवत होती, मग तिच्यावरून पुरुष प्रतिस्पर्ध्याचं नाव पडलं. भ्रातृव्य या शब्दाचं तर आणखी विलक्षण आहे. भावाचा मुलगा, चुलतभाऊ असा त्याचा एक अर्थ, आणि वेदांत त्याचाच दुसरा अर्थ वैरी. पाणिनीला या दोन अर्थांसाठी दोन लागोपाठची सूत्रं करावी लागली. लिहिताना शब्द एकच, उच्चारातला स्वर वेगळा. चुलतभाऊ आणि वैरी यांच्यात फक्त स्वराचं अंतर! आपण मराठीत ‘भाऊबंदकी’ म्हणतो तेव्हा भाऊ आणि भांडण एकाच शब्दात ठेवतो, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही.

म्हणून रायव्हल वापरताना दोन अटी पाहाव्यात असं मी सांगतो. एक, दोघांचा पाट एकच असला पाहिजे; म्हणजे एकच गोष्ट दोघांनाही हवी असली पाहिजे आणि दोघांची ताकद बरोबरीच्या जवळ असली पाहिजे. दुसरी, नात्याला काळ लागला पाहिजे. एका सामन्यात अपोनंट मिळतो, रायव्हल मिळत नाही. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा 1973 साली पहिल्यांदा एकमेकींविरुद्ध खेळल्या आणि 1988 मध्ये शेवटच्या. या काळात 80 सामने झाले, त्यातले 43 मार्टिनाने जिंकले आणि 37 ख्रिसने. साठ वेळा अंतिम फेरीत गाठ पडली. पहिल्या सामन्यात त्या एकमेकींच्या अपोनंट होत्या. रायव्हल त्या वर्षं लोटत गेल्यावर झाल्या. आणि याच दोघींनी 1975 ची फ्रेंच आणि 1976 ची विम्बल्डन दुहेरी स्पर्धा जोडीने जिंकली आहे. रायव्हल या शब्दाच्या मुळाशी असलेला वाटेकरी तिथे पुन्हा दिसतो. हा शब्द मोठा आहे. पहिल्या फेरीत एकदाच भेटलेल्या दोन खेळाडूंना तो लावला की त्याचं मोल उतरतं.

मराठीत याला एक शब्द पुरत नाही. ‘प्रतिस्पर्धी’ चालतो, पण त्यात वर्षं मावत नाहीत. ‘कट्टर प्रतिस्पर्धी’, ‘पारंपरिक प्रतिस्पर्धी’ हे वर्तमानपत्री प्रयोग त्या गरजेपोटीच आले आहेत आणि मला ते योग्य वाटतात. ‘हाडवैरी’ मात्र खेळात वापरू नये.

कंटेस्टंटकडे येतो. याच्या पोटात साक्षीदार आहे. लॅटिनमध्ये टेस्टिस म्हणजे साक्षीदार, आणि रोमन न्यायालयात खटला उभा राहायचा तो दोन्ही बाजूंनी साक्षीदारांना हाक मारून. त्या क्रियेच्या नावावरून पुढे कंटेस्ट आला. आजच्या इंग्रजीतल्या कंटेस्टंटने ही जुनी गोष्ट जपली आहे. त्याला बघणारा लागतो, गुण देणारा लागतो. गाण्याच्या कार्यक्रमातली मुलगी कंटेस्टंट, प्रश्नमंजूषेत उत्तर देणारा कंटेस्टंट, सौंदर्यस्पर्धेतली तरुणी कंटेस्टंट. त्यांच्यापैकी कुणी कुणाला अडवत नाही; निकाल समोर बसलेल्या परीक्षकाच्या हाती असतो. मराठी वाहिन्यांवर ‘स्पर्धक’ हा शब्द यासाठी रुळला, तो बरोबर रुळला.

जिथे परीक्षक नाही तिथे कंटेस्टंटही नाही. रोआल्ड अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला आणि रॉबर्ट स्कॉट 17 जानेवारी 1912 रोजी. त्या पांढऱ्या पठारावर घड्याळ लावून बसलेला पंच नव्हता. ध्रुवावर पोचलेल्या स्कॉटला तिथे अमुंडसेनचा तंबू सापडला, आणि त्यात नॉर्वेच्या राजाला पोचवायचं पत्र स्कॉटच्या हवाली केलेलं होतं. आपण परत पोचलो नाही तर दुसऱ्याने साक्ष द्यावी, यासाठीची ती सोय. स्कॉट आणि त्याचे सोबती परतीच्या वाटेवर मरण पावले, आणि अमुंडसेन ध्रुवावर आधी पोचला होता याचा पुरावा त्यांच्या सामानात होता. इथे रायव्हल हा शब्द आपल्या पूर्ण वजनाने बसतो.

निवडणुकीतल्या माणसासाठी तीन देशांच्या इंग्रजीत तीन क्रियापदं आहेत. ब्रिटनमध्ये तो उभा राहतो, अमेरिकेत धावतो आणि भारतात कंटेस्ट करतो. आपल्याकडे हे कायद्यातूनच आलं आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अर्ज माघारी घेण्याची मुदत संपल्यावर जी अंतिम यादी निघते ती ‘कंटेस्टिंग कॅन्डिडेट’ची. म्हणून भारतीय इंग्रजीत निवडणुकीच्या संदर्भात कंटेस्टंट वाचायला मिळतो; लंडनच्या वाचकासाठी लिहाल तर कॅन्डिडेट लिहा. कॅन्डिडेट म्हणजे मुळात पांढरी वस्त्रं घातलेला. रोममध्ये पदाची मागणी करणारे आपला झगा खडूने पांढरा करून लोकांत फिरत. आपला उमेदवार फार्सीतून आला, उमेद धरणारा. मला दोघांपैकी आपला शब्द अधिक आवडतो. रोमन माणसाने कपडा पाहिला, आपण मन पाहिलं.

कंटेंडर आणि चॅलेंजर यांची अडचण वेगळी आहे. हे दोन्ही शब्द किताबाभोवती फिरतात. कंटेंडर म्हणजे ज्याला जिंकण्याची खरोखर संधी आहे असा. मराठीत ‘दावेदार’ त्याला तंतोतंत जुळतो. शर्यतीत शंभर एन्ट्रंट असतील, कंटेंडर चार-पाच असतात. शंभरच्या शंभरांना कंटेंडर म्हणणं चूक. चॅलेंजर त्याहून अरुंद आहे. गादीवर कुणीतरी बसलेलं असेल तरच चॅलेंजर असतो. डी. गुकेश एप्रिल 2024 मध्ये टोरोंटोला कॅन्डिडेट्‌स स्पर्धेत आठांपैकी एक कॅन्डिडेट म्हणून उतरला. ती जिंकल्यावर तो चॅलेंजर झाला. डिसेंबरमध्ये सिंगापूरला डिंग लिरेन त्याचा अपोनंट होता, आणि साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी जिंकून तो जगज्जेता झाला. एका मुलाला आठ महिन्यांत चार शब्द लागले आणि प्रत्येक शब्द आपापल्या जागी खरा होता. शिक्षकांना मी हे उदाहरण वर्गात जरूर वापरा असं सांगेन, कारण मुलांना गुकेश माहीत असतो.

व्यापारात कॉम्पिटिटर. तिथे दुसरी कंपनी समोर बसलेली नसते, ग्राहक समोर असतो. या शब्दाच्या लॅटिन मुळात ‘सोबतीने शोधणं’ आहे, आणि गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की आपला 2002 चा स्पर्धा कायदा ज्या गोष्टीला सर्वाधिक घाबरतो ती कॉम्पिटिटरांची सोबतच आहे. त्यांनी एकत्र बसून भाव ठरवले की ते कार्टेल होतं. मोठ्या दोन कंपन्यांची वर्षानुवर्षांची चढाओढ असेल तर इंग्रजी पत्रकार रायव्हलही लिहितात, ते चालतं. अपोनंट व्यापारात लिहू नये.

आता शेवटचे दोन शब्द, आणि इथे निवड चुकली तर नुकसान वाक्यापुरतं राहत नाही. ॲडव्हर्सरी आणि एनिमी. ॲडव्हर्सरी म्हणजे ज्याचं तोंड तुमच्याकडे वळलेलं आहे तो. न्यायालयात दोन वकील एकमेकांचे ॲडव्हर्सरी असतात, आणि आपली न्यायपद्धती त्याच नावाने ओळखली जाते. न्याय मिळावा म्हणून दोघांनी समोरासमोर झुंजायचं, दोघांनी न्यायाधीशाचा निर्णय मानायचा. एनिमीला तिथे जागा नाही. कॅनडाचे राजकारणी आणि लेखक मायकेल इग्नाटिएफ यांनी स्वतः निवडणूक हरल्यावर हा भेद फार कळकळीने मांडला. ॲडव्हर्सरीला हरवायचं असतं, एनिमीला संपवायचं असतं. ब्रिटिश संसदेत 1826 साली जॉन कॅम हॉबहाऊस यांनी विरोधी बाकांसाठी ‘राजाचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग केला. विरोध करणाराही राज्याचाच आहे, ही कल्पना त्या एका षष्ठी प्रत्ययात आली आणि पुढे देशोदेशी कायद्यांत उतरली. आपल्या संसदेने 1977 साली विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा केला. त्या वर्षी लोकसभेत यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते होते. ज्याला सरकारी तिजोरीतून वेतन देऊन विरोध करायला सांगितलं आहे, त्याला शत्रू म्हणणं हे भाषेला आणि राज्यघटनेलाही धरून नाही.

मराठी वृत्तपत्रं आणि वाहिन्या आज ‘विरोधक’ हा चांगला शब्द सोडून ‘दुश्मन’, ‘गद्दार’, ‘वैरी’ यांच्याकडे फार सहज जातात. क्रिकेटच्या सामन्याच्या मथळ्यात ‘शत्रू’ येतो. सामना संपल्यावर खेळाडू हस्तांदोलन करतात, पण मथळा वाचलेला मुलगा दुसऱ्या दिवशी तोच शब्द शाळेत वापरतो. इंग्रजी शिकवताना अपोनंट आणि एनिमी यांतला फरक नीट शिकवला तर त्याचा फायदा मुलाच्या मराठीलाही होईल, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एका जागेविषयी बोलायचं आहे. पुण्याच्या पेठांमध्ये हजारो मुलं-मुली स्पर्धा परीक्षांसाठी राहतात. गावाकडून आलेली, शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर शिकणारी. एकाच अभ्यासिकेत बसतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकमेकांच्या नोट्‌स झेरॉक्स करून घेतात. जागा मोजक्या असतात आणि सगळ्यांना त्याच जागा हव्या असतात. पाट एकच, म्हणून शब्दशः रोमन अर्थाने ही मुलं रिवालिस आहेत. तरी आजच्या इंग्रजीतला रायव्हल त्यांना लागू होत नाही. कारण तो व्हायला दोघांमध्ये काळाने घडलेलं नातं लागतं, आणि इथे लाखभर अनोळखी मुलांची एक यादी असते. ते अपोनंटही नाहीत, कारण परीक्षेच्या खोलीत सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात. शेजारच्या बाकावरचा मुलगा तुमचं उत्तर अडवू शकत नाही. भारतीय इंग्रजीने त्यांच्यासाठी ॲस्पिरंट हा शब्द रूढ केला आहे, आकांक्षा धरणारा. परीक्षेपुरता कॅन्डिडेट आहे. दोन्ही शब्द ‘कशासाठी’ विचारतात, ‘कुणाचा’ विचारत नाहीत.

मार्गदर्शन वर्गांच्या जाहिरातींत मात्र दुसरी भाषा दिसते. शेजारी बसलेल्याला मागे टाका, हा तुमचा प्रतिस्पर्धी आहे, त्याच्याशी युद्ध आहे. वर्षानुवर्षं घरापासून दूर राहणाऱ्या, नापास झाल्याचं घरी कसं सांगावं या चिंतेत असलेल्या मुलाला आपण सांगतो की तुझ्या खोलीत राहणारा मित्र तुझा वैरी आहे. तो शब्द खोटा आहे, आणि खोटा असूनही तो त्या मुलाच्या मनात घर करतो. मग नोट्‌स लपवल्या जातात, एकाचं यादीत नाव आलं की दुसरा त्याच्याशी बोलणं टाळतो. गल्लीतल्या खेळात आपण सोबत खेळणाऱ्याला भिडू म्हणतो. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी मला त्याहून योग्य मराठी शब्द सापडलेला नाही.

इथे वृत्तपत्रांत काम करणारी मंडळी बसली आहेत, शिक्षक बसले आहेत आणि मार्गदर्शन वर्ग चालवणारेही असतील. त्यांना माझी विनंती आहे. या परीक्षांविषयी इंग्रजीत लिहाल तेव्हा ॲस्पिरंट किंवा कॅन्डिडेट लिहा, मराठीत लिहाल तेव्हा उमेदवार लिहा. जाहिरातीतून ‘प्रतिस्पर्धी’ काढून टाका. येत्या निकालाच्या बातमीपासूनच सुरुवात करा.